मुलाखतीत पाठांतर उघडं पडतं

प्रश्न : मी मुलुंडची. बीए मानसशास्त्र झालंय. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत एमएसाठी मुलाखत आहे. तयारी काय करू?

उत्तर : ‘लोकांना मदत करायची आहे’ एवढ्यावर भागत नाही, मग नर्स का नाही, असा उलटप्रश्न येऊ शकतो. स्वयंसेवक म्हणून काम केलं असेल तर एकच प्रसंग नीट सांगा : काय पाहिलं, कुठे अडलात. त्या प्रसंगातल्या व्यक्तीचं नाव, शाळा, सोसायटी मात्र सांगू नका. गोपनीयता कळते की नाही, ते तिथेच दिसतं. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचाच. त्याच्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा होत नाही. (फ्रॉइड विचारल्याशिवाय काढू नका!) घरचं दुःख सांगायचं तर पुढचा प्रश्न पेलवेल तेवढंच सांगा.