तुझ्या लॉगिनवर दुसऱ्याचे हात

पतसंस्थेत लागलीस हे कळलं तेव्हापासून तुला एक सांगायचं होतं, फोनवर राहूनच जायचं. काष्टी काय नि श्रीगोंदा काय, लहान ऑफिसात चार दिवस गेले की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तुमचा पासवर्ड द्या, दोन पावत्या मारून घेतो." देऊ नकोस. नाही म्हणणं जड जातं गं. तू नवीन, आणि मागणारा बहुतेक आपल्या भावकीतलाच असणार. पण तुझ्या नावाने कुणीही आत शिरलं तरी नोंद तुझीच पडते. उद्या रकमेचा घोळ निघाला, तर बटणं कुणी दाबली होती हे कोण सांगणार?

तसं ते सांगता येतं बरं का. परीक्षा परिषदेच्या टायपिंगच्या ३० नि ४० च्या परीक्षांसाठी क्लासला जायचीस तेव्हा पाठीमागे कोण टाइप करतंय ते तू नुसत्या आवाजावरून सांगायचीस. मशीन तेच मोजून करतं. एक की किती वेळ दाबलेली राहिली आणि ती सोडल्यापासून पुढची दाबेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच टिपायचं, पण सेकंदाच्या हजाराव्या भागात. काय लिहिलं यापेक्षा कसं लिहिलं, याच्याशी त्याला मतलब.

ही युक्ती कॉम्प्युटरच्याही आधीची. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे बिनतारी संदेश ऐकणारे इंग्रज कट्ट-कडकट्टच्या लयीवरून पाठवणारा माणूस ओळखायचे. मजकूर गुप्त असला तरी हात ओळखीचा. पुढे १९८० मध्ये अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने सात टायपिस्टांकडून तेच उतारे चार महिन्यांच्या अंतराने पुन्हा टाइप करून घेतले आणि अक्षरांच्या जोड्यांमधला वेळ ताडून पाहिला. माणसं ओळखू आली. पण सात जणांवरून काय ठरवायचं, असं मला तरी वाटतं. २००९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी ५१ जणांकडून एकच पासवर्ड प्रत्येकी ४०० वेळा टाइप करून घेतला. त्यांनी पारखलेल्यातली सगळ्यात चांगली पद्धतसुद्धा शंभरात साडेनऊच्या आसपास वेळा चुकली. म्हणजे कधी चोराला आत घेतलं, कधी मालकाला बाहेर ठेवलं.

म्हणून ही पासवर्डच्या जोडीची राखण, पासवर्डच्या जागी नव्हे. बोट कापलं, कीबोर्ड बदलला, थंडीत हात आखडले, की लय बिघडते. शिवाय तुझी इंग्रजीची चाल वेगळी, मराठीची वेगळी. एकीवरून दुसरी ओळखायला गेलं तर फसायला होईल. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या निर्देशांत डिजिटल पेमेंट तपासताना ग्राहकाच्या वागण्याची पद्धत, ठिकाण, फोन यांचा विचार करायला वाव दिलाय. तरी तुझ्या पतसंस्थेच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर असलं काही बसवलं असेल, या भरवशावर राहू नकोस.

मला याची दुसरी बाजू जास्त खटकते. आपल्या शनिवारच्या बैलबाजारात व्यापारी उपरण्याखाली बोटं दाबून भाव करतात, शेजारी उभा असलेल्यालाही पत्ता लागत नाही. कीबोर्डवर तसलं उपरणं नाही. एखाद्या वेबसाइटने मनात आणलं तर तुझी लय तुला न विचारता टिपता येते. पासवर्ड फुटला तर पाच मिनिटांत बदलशील, बोटांची सवय कशी बदलणार? ऑनलाइन कोर्स किंवा परीक्षेत ओळखीसाठी एखादं वाक्य टाइप करायला सांगितलं, तर ते कुठे ठेवतात, किती दिवस ठेवतात, हे आधी वाच. कोर्सेराने २०१३ मध्ये प्रमाणपत्रासाठी अशीच टायपिंगची ओळख वापरली होती, पण निदान विचारून.

आता पासवर्ड मागणाऱ्याचं. तोंडावर नाही म्हणवत नसेल तर म्हण, "साहेबांना सांगून तुमचं वेगळं लॉगिन काढून घेऊ या, मीच अर्ज लिहून देते." अर्ज खरंच लिहून दे, आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेव. चहाला उठतानाही विंडोजची की नि एल एकदम दाबून स्क्रीन लॉक करायची, शेजारी सख्खा भाऊ बसलेला असला तरी.