निळा पंप पर्समध्ये, रोजचा कपाटात

कर्वेनगरच्या एक काकू परवा धापा टाकतच दवाखान्यात आल्या. पर्समधून रिकामा निळा पंप काढला. "डॉक्टर, हा महिन्यात संपला. तो दुसरा मी बंदच केलाय, सवय लागते म्हणतात." म्हणजे दोनशे पफ महिन्यात, दिवसाला सहा-सात! सोबत कॅप्सूलची महागडी बाटलीही होती. दम्यात पेशींवर ताण येतो, असं व्हॉट्सॲपवर वाचलेलं; त्या ताणावर हा उतारा.

पेशींवर ताण येतो हे खरं, पण तो मनातल्या टेन्शनहून वेगळा. रस्त्यावरची धूळ, गाड्यांचा धूर, दिवाळीचे फटाके यांनी श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी त्रासल्या की धोक्याची रसायनं सोडतात. मग इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. काम झालं की त्यांनी मरावं, हा नियम. दम्यात त्या मुक्काम ठोकतात आणि अस्तरच सोलवटून काढतात. निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, सूज तशीच राहते. या पाहुण्यांना हाकलतो तो स्टेरॉइडचा रोजचा पंप. म्हणूनच 'जिना' या दम्यावरच्या जागतिक उपक्रमाच्या मार्गदर्शक सूचना २०१९पासून बजावतात, नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नका. सिगारेट ओढणाऱ्यांच्या पेशींवर धुराचा ताण इतका, की त्यांना स्टेरॉइडही कमी लागू पडतं. त्यावर कॅप्सूल काय करणार?

रोजच्या पंपाची सवय लागत नाही हो! उलट पंप नको, गोळी द्या म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. निळ्या पंपातल्या सालब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध, चार मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीस पट. कोजागरीला दम्याचं औषध घातलेली खीर मिळते, तिच्या भरवशावर पंप सोडू नका. बिननावाच्या पुड्या तर मुळीच नकोत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, तेही न मोजता.

बोलताना वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमध्ये खळगे पडतात, ओठ निळसर दिसतात, निळ्या पंपाचा आराम तीन-चार तासही टिकत नाही? १०८ला फोन करा, वाटेत निळा पंप घेत राहा. धाप तशीच असून छातीतली शिट्टी थांबली, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. तेव्हा हवाच आत जात नसते.

काकूंनी रोजचा पंप पुन्हा सुरू केलाय, जिना आता न थांबता चढतात. भांडण एकच उरलंय: पंपानंतर गुळण्या करत नाहीत, आणि तोंड आलं की दोष पंपाला.