पिकअप गाडीचीं चाकें बदलण्यापूर्वीं

हल्लीं पुष्कळ बागाईतदारांच्या दारीं मालवाहू पिकअप उभी असते. चिखलांत रुतूं नये म्हणून तिला मोठीं चाकें बसवावीं, असा सल्ला देणारेही जागोजाग भेटतात. तो मानण्यापूर्वीं काय पाहावें, हें आम्ही नुकसान सोसून शिकलों. म्हणून तें येथें मांडीत आहों.

सातबाराचा उतारा जसा रकान्यारकान्यानें वाचावयाचा, तसेच टायरच्या कडेवरील आंकडे वाचावे. आमच्या गाडीच्या मूळ टायरांवर २१५/७५ आर १५ असें होतें. पैकीं २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत. ७५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या शेंकडा ७५, अर्थात् १६१.२५ मिलिमीटर, आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिमचा व्यास व दोन्ही बाजूंच्या कडा मिळविल्या असतां चाकाचा व्यास ७०३.५ मिलिमीटर भरतो.

आम्हीं मागच्या आंसासाठीं घेतलेले जुने टायर २३५/७५ आर १५ होते. त्यांचा व्यास ७३३.५, म्हणजे ३० मिलिमीटरांनीं अधिक. परंतु आंस उंच होतो तो याच्या निम्म्यानें. म्हणजे अर्ध्या इंचाहून किंचित् अधिक. एवढ्या लाभासाठीं काय गमावावें लागतें तें पाहा. चाक शेंकडा सव्वाचार मोठें झाल्यामुळें कांटा ताशी ६० किलोमीटर दाखवीत असतां खरा वेग साडेबासष्टाच्या घरांत जातो. चढावर गाडीची ओढ त्याच प्रमाणांत कमी पडते व ब्रेकांवर ताण वाढतो.

शिवाय त्या टायरांबरोबरच्या रिमा निराळ्या होत्या. बोल्टांचीं छिद्रें जुळलीं, एवढ्यावर आम्हीं समाधान मानलें. परंतु रिमची बैठक वेगळी असल्यामुळें चाक बाहेर सरकलें होतें. रिकामी गाडी गांवांत फिरविली तेव्हां कांहींच जाणवलें नाहीं. पुढें कांदा भरून घाटास लागलों, तों पाटे दबले, टायर मडगार्डास घासूं लागला व जळक्या रबराचा वास आला. उतरून पाहतों, तर टायर आंतल्या धाग्यांपर्यंत सोलला होता. तो उतारावर फुटता, तर हा लेख लिहिण्यास आम्ही उरलों नसतों. माल दुसऱ्या गाडींत भरीपर्यंत लिलाव संपला.

तेव्हां वाचकांनीं कारखान्यानें ठरविलेलें मापच ठेवावें. तें गाडीच्या माहितीपुस्तकांत दिलेलें असतें. चिखलाची अडचण असल्यास त्याच मापाचे खोल नक्षीचे टायर मिळतात, ते घ्यावे. एकाच आंसावर दोन मापांचीं चाकें घालूं नयेत. गाडी एका अंगास ओढते. स्टेपनीही त्याच मापाची असावी. मापापुढील आंकडा भार सांगतो: १०० म्हणजे एका टायरास ८०० किलो. मूळ आंकड्याहून कमी आंकड्याचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी नाकारावा. चाकें बदललींच, तर भरल्या गाडीनें व सुकाणूं दोन्ही अंगांस पुरें वळवून, कोठें घासत नाहीं ना, हें पाहावें. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ अन्वयें नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल करतां येत नाहीं, हेंही विसरूं नये.

उतारा न पाहतां जमीन घेणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. टायरवरील आंकडे वाचण्यास तर त्याहूनही कमी वेळ लागतो.