पॅकेज सहा लाखांचे, खात्यात किती?

ऑफर लेटरवरच्या आकड्याला बाराने भागून महिन्याचा पगार काढू नका. कोल्हापूर, नाशिक, लातूरहून हिंजवडी-खराडीकडे निघालेली मुले बहुतेकदा हेच करतात. घरीही तोच आकडा सांगतात, आणि पहिली सॅलरी स्लिप आली की प्रश्न सुरू होतात. मोठ्या कंपनीत जायचे की गावाजवळच्या छोट्या कंपनीत, हे नावावरून ठरवण्याआधी कागद-पेन घेऊन बसा.

वार्षिक सहा लाखांचे सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, धरू. हे उदाहरण आहे. तुमच्या पत्रातले आकडे घालून ते पुन्हा मांडा. बेसिक महिना 25,000. त्यावर कंपनीच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ वर्षाला 36,000, ग्रॅच्युइटीपोटी 4.81 टक्क्यांनी 14,430, गटविम्याचा हप्ता 9,570 आणि व्हेरिएबल पे 60,000. हे एक लाख वीस हजार सीटीसीत मोजले जातात, पण महिन्याच्या पगारात दिसत नाहीत. उरले 4,80,000, म्हणजे महिना 40,000. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) गेला की खात्यात 36,800. या पगारावर नव्या करप्रणालीत प्राप्तिकर लागत नाही, कारण 2025-26 पासून पगारदारांना वर्षाला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर शून्य आहे.

आता पुण्यातला खर्च. वाटणीच्या खोलीचे भाडे 9,000, मेस 4,500, वीज-इंटरनेट-कामवाली 1,500, पेट्रोल 2,500, गावी येणे-जाणे 1,500 धरले तर 19,000 गेले, शिल्लक 17,800. दुसरीकडे कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एखाद्या लहान कारखान्याने हातात 26,000 दिले, तर पेट्रोलला 2,000 आणि घरी 4,000 देऊनही 20,000 उरतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत रोख शिलकीच्या बाबतीत मोठी कंपनी पुढे असतेच असे नाही. तिचा फायदा पगारापेक्षा पगाराबाहेरच्या गोष्टींत जास्त आहे.

त्यात मी सगळ्यांत वर ठेवतो तो आरोग्य विमा. वैयक्तिक पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. कंपन्यांच्या गटविम्यात हे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, आणि वैद्यकीय तपासणीही लागत नाही. आई-वडील साठीच्या पुढे असतील आणि कंपनी त्यांनाही विम्यात घेत असेल, तर हा लाभ वर्षाला कित्येक हजारांचा आहे. म्हणून विमा आहे का, एवढे विचारून थांबू नका. रक्कम किती, आई-वडील धरलेत का, त्यांचा हप्ता कोण भरणार, खोलीभाड्याला मर्यादा आहे का, उपचाराच्या खर्चातला काही टक्के वाटा आपल्याला भरावा लागतो का, हे सगळे विचारा. नोकरी सुटली की हे संरक्षणही जाते. त्यामुळे शक्य असेल तर स्वतःची एक छोटी पॉलिसी तरुणपणीच घ्या. कंपनी सोडताना गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते. त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो. राजीनाम्याच्या गडबडीत तो राहून जातो.

पीएफचे दोन्ही वाटे मिळून वरच्या उदाहरणात महिन्याला 6,000 साठतात. 2024-25 साठी त्यावर 8.25 टक्के व्याज होते. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला पीएफ बंधनकारक आहे, त्यामुळे लहान कंपनीत किती जण पगारपत्रकावर आहेत, हे जरूर विचारा. पीएफसोबत येणाऱ्या विम्यातून, नोकरीत असताना मृत्यू झाल्यास, कुटुंबाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. वारसाची नोंद पहिल्याच महिन्यात करा.

ग्रॅच्युइटी सीटीसीत दरवर्षी मोजली जाते, पण कायम नोकराला ती पाच वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. 25,000 बेसिकवर पाच वर्षांची रक्कम होते 72,115. चौथ्या वर्षी सोडलीत तर शून्य. मुदतीच्या करारावर असलेल्यांना मात्र 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेत एका वर्षानंतरच हा हक्क आहे.

वेळेचा हिशेब कोणी करत नाही, आणि तो मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. नऊ तासांचे बावीस दिवस म्हणजे 198 तास. 36,800 रुपयांना तासाला सुमारे 186 रुपये पडले. कोथरूडहून हिंजवडीला जाता-येता रोज तीन तास रस्त्यावर गेले तर तोच दर 139 वर येतो. ऑफिसजवळची खोली दोन हजारांनी महाग असली तरी घ्या.

बाहेर पडण्याचीही किंमत असते. मोठ्या आयटी कंपन्यांत 90 दिवसांचा नोटिस पीरियड सर्रास आढळतो, आणि नवी कंपनी महिनाभरात हजर व्हा म्हणते. उरलेल्या दोन महिन्यांची भरपाई बेसिकवर धरली तर 50,000, एकूण पगारावर धरली तर 80,000. पत्रात कोणता शब्द आहे ते पाहा. प्रशिक्षणाचा बाँड असेल तर रक्कम आणि मुदत लिहून मागा. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नका.

आणखी एक सावधगिरी. गेटवर मोठे नाव, ओळखपत्रावरही तेच, पण नेमणूक पत्र कंत्राटदाराचे, असे चाकणपासून खराडीपर्यंत घडते. तुमचा मालक तो, ज्याची सही नेमणूक पत्रावर आहे. विमा, रजा, पीएफ सगळे त्याच्याकडून येणार.

माझा सल्ला असा: आई-वडिलांच्या आजारपणाचा भार तुमच्यावर असेल, किंवा येत्या काही वर्षांत बाळंतपणाची रजा लागणार असेल, तर मोठी कंपनी घ्या. 26 आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा दहा माणसांच्या आस्थापनेलाही लागू आहे, पण तिथे तो हक्क मागून घ्यावा लागण्याची शक्यता अधिक. घर जवळ असेल, पीएफ भरला जात असेल आणि मालकाशेजारी उभे राहून कोटेशनपासून डिस्पॅचपर्यंत सगळे शिकायला मिळणार असेल, तर कमी पगाराची लहान कंपनी बिनधास्त निवडा. दोन्हीकडे होकार कळवण्याआधी एचआरला ईमेल करा: महिन्याला खात्यात नेमके किती जमा होतील, आणि गेल्या वर्षी व्हेरिएबल पे किती टक्के दिला. उत्तर लेखी घ्या.