मातीचा कागद वाचून दाखवणारं माणूस

‘शेतीच करायची होती तर सायन्सला कशाला घातलं?’ बारावीचा निकाल लागला आणि लेकीने मृदाविज्ञान शिकायचं म्हटलं की हा प्रश्न कानावर येतो, आणि बहुतेकदा तो शेतकरी बापच विचारतो. जन्मभर पावसाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाची ती भीती आहे, ती उडवून लावू नये. पण मृदाविज्ञान शिकणं आणि तीन एकर कोरडवाहूवर घर चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काम काय असतं ते बघा. उन्हाळ्यात रान मोकळं असताना नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी ‘व्ही’ आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यायचे आणि कडेची माती खरवडायची. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची नको. ती स्वच्छ कापडावर मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा मिसळायची, अर्धा किलो उरेपर्यंत. खताच्या रिकाम्या गोणीत भरली की सगळी मेहनत वाया.

अशा मातीचे १२ घटक तपासून मृदा आरोग्य पत्रिका देण्याची योजना २०१५ साली सुरू झाली. कितीतरी घरांत ती पत्रिका कपाटातच पडून असते. सेंद्रिय कर्ब कमी, जस्त कमी, असं छापलेलं असतं. पण यंदा माझ्या सोयाबीनला काय घालू आणि कशावरचा खर्च वाचवू, हे शेजारी बसून सांगणारं माणूस लागतं. ते माणूस होणं हेच हे करिअर.

त्यात पाऊस लहरी झालाय. आधी मोठा खंड, मग एका रात्रीत रान तुंबतं. भारी काळ्या जमिनीत बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडणाऱ्या यंत्राने वरंब्यावर पेरलं तर जादा पाणी सरीतून निघून जातं आणि खंडात वरंब्याला ओल टिकते. हलक्या, मुरमाड रानात पाणी तुंबण्यापेक्षा ओल लवकर उडण्याची चिंता मोठी. तिथे काडीकचऱ्याच्या आच्छादनाचा विचार आधी करावा लागतो. जमीन पाहून सल्ला बदलता येणं, खरं शिक्षण तेच.

वाट सरळ आहे. एमएचटी-सीईटी, मग राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाची चार वर्षांची पदवी, पुढे मृदाविज्ञानात एमएस्सी. संशोधनाची ओढ असेल तर मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे, दुष्काळ-क्षारांसारख्या ताणांवर काम करणारी बारामतीजवळ माळेगावला. माती परीक्षण प्रयोगशाळा, शेतकरी उत्पादक कंपन्या, ठिबकचे उद्योग, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था इथेही कामं आहेत. मात्र पालकांनी एक ऐकावं: सरकारी जागा मोजक्या असतात, सुरुवातीचा पगार बऱ्याचदा बेताचा असतो. केवळ एमपीएससीची पायरी म्हणून ही पदवी घेऊ नका.

फॉर्म भरण्याआधी लेकीला घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. आपल्या रानाची माती तिच्याच हातून तपासायला द्या. पत्रिका आली की तिलाच वाचू द्या, आणि ती बांधावर येऊन काय विचारते ते ऐका.