देवी : एक शब्द, तीन अर्थ

मराठीत 'देवी' ही आराध्य देवता, 'देवी' हाच रोग आणि 'देवी काढणे' म्हणजे त्याच रोगाची लस टोचणे! ही लस भारतात प्रथम १८०२ साली मुंबईत टोचली गेली. १९८० मध्ये रोगाच्या जागतिक उच्चाटनाची घोषणा झाली. रोग गेला, श्रद्धा उरली. इंदूरचा शीतलामाता बाजार त्याच देवतेचे नाव मिरवतो. माळव्यात गोवर-कांजिण्यांनाही 'माता' म्हणतात. या श्रद्धेची थट्टा केल्यास माता बाळाचा आजार लपवते, आणि गोवरानंतरचा न्यूमोनिया विलंबाला क्षमा करीत नाही. म्हणून वैद्यकबंधूंनी पूजेस आडकाठी न करता बाळास तपासावे, 'अ' जीवनसत्त्व द्यावे आणि घरातील इतर बालकांच्या गोवर-लसीच्या दोन्ही मात्रा पूर्ण करवून घ्याव्यात. देवता आणि लस एकाच शब्दात नांदविणाऱ्या समाजाला हे पटविणे अवघड नाही.