आजचं चिंतन : प्रयाणकाळ आणि एक साधा कागद



आज वाचनात गीतेचा आठवा अध्याय आला, श्लोक ५ ते ८. खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं हा अध्याय मी घाईघाईनं उरकत होतो. का, ते पुढे सांगतो.

अध्याय सुरू होतो अर्जुनाच्या प्रश्नांनी. ब्रह्म काय, अध्यात्म काय, कर्म काय, असं विचारत तो शेवटच्या प्रश्नावर येतो : जायच्या वेळी तुला ओळखायचं कसं? विचारणारा म्हातारा नाही, अंथरुणाला खिळलेला नाही. चांगला धडधाकट माणूस आहे. तरी भगवंत त्याला ‘आत्ता कशाला हा विषय?’ असं म्हणत नाहीत. आपल्या घरात मात्र पहिलं वाक्य तेच असतं.

उत्तराचा भाव असा : मन आयुष्यभर जे घोळवत आलं, तेच शेवटी आठवतं, म्हणून सर्वकाळ माझं स्मरण ठेव, आणि लढही. हे ‘लढही’ मला आज थांबवून गेलं. स्मरण करायचं म्हणून समोरचं काम सोडायचं नाही. आणि शेवटच्या क्षणाची तयारी शेवटच्या क्षणावर टाकायची नाही, कारण तो सांगून येत नाही.

आता ते दोन वर्षांपूर्वीचं. पुण्यात आम्ही तिघं एका फ्लॅटवर राहायचो. वारीत सासवडपर्यंत चालायचो, सुट्टी तेवढीच मिळायची. त्या वर्षी दिवे घाट चढताना आमच्यातला एक जण सहज म्हणाला, “मला काही झालं तर डोळे, किडनी, जे चालेल ते देऊन टाका रे.” मी म्हटलं, “शुभ बोल रे नाऱ्या!” हसलो आणि पुढच्या दिंडीत मिसळलो.

चार महिन्यांनी त्याचा बाइकवर अपघात झाला. वय ३१. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदूमृत घोषित केलं आणि अवयवदानाबद्दल विचारलं. काका माझ्याकडे वळून म्हणाले, “तो कधी काही बोलला होता का?” मी म्हणालो, “बोलला होता... पण मस्करीत असेल.”

‘मस्करीत’ हा शब्द मी जोडला. काकूंचा चेहरा बघवत नव्हता म्हणून. काकांनी नकार दिला. त्यांच्या जागी मीही दिला असता. पण वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, “लेखी काही असतं तर मी सही केली असती रे.” त्याचा फोन अजून लॉक आहे. वारीचे सगळे फोटो त्यात आहेत, आणि काकूंना तेच हवे आहेत.

चोखोबांची कथा आपल्याला माहीत आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते त्याखाली गेले. परंपरा सांगते, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं, ती चोखोबांची म्हणून नामदेवांनी ओळखली, आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी झाली. याउलट माउली. १२९६ साली, वय जेमतेम एकवीस, आळंदीला समाधी घेतली ती सगळ्यांना सांगून, सगळ्यांचा निरोप घेऊन. समाधीची जागा नामदेवांच्या मुलांनी झाडून साफ केली, असं सांगतात.

आपण माउली नाही. आपलं जाणं बहुधा चोखोबांसारखं अचानकच असेल. पण हाडांतून नाम ऐकू यावं एवढं स्मरणही आपलं नाही. मागच्यांना आपली इच्छा कळायला कागदच लागणार.

म्हणून यंदा मी बसून लिहिलं. सगळ्यात आधी अवयवदान. नोटोच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक देऊन प्रतिज्ञा भरता येते, पाच मिनिटांचं काम. पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. तुम्ही प्रतिज्ञा भरली असली तरी त्या वेळी जवळच्या नातेवाइकांची संमती विचारतातच. तेव्हा अर्ज भरण्याइतकंच घरी बोलणं महत्त्वाचं, आणि मस्करीत नाही.

मग मृत्युपत्र. ‘माझ्याकडे आहेच काय’ असं मीही म्हणायचो. पीएफ, थोडे म्युच्युअल फंड, गावाकडचा अर्धा गुंठा. पण १८ पूर्ण असलेल्या कुणालाही साध्या कागदावर मृत्युपत्र करता येतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनीही करायची. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार न केलेलं बरं. आणि नॉमिनी नेमलाय म्हणजे झालं, असं नाही. बँक खातं किंवा शेअर यांत नॉमिनी ते ताब्यात घेतो, मालकी वारसांची राहते. एक गोष्ट मला माहीतच नव्हती : अविवाहित हिंदू मुलगा मृत्युपत्राशिवाय गेला तर हक्क आईचा, वडील दुसऱ्या वर्गात. आणि ताईंनो, हे नीट वाचा. मूल नसलेली विधवा मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिनं स्वतः कमावलेलं तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. मला तरी हे अन्यायाचं वाटतं. पण कायदा आज असा आहे, आणि एका कागदानं तो प्रश्न सुटतो.

लिव्हिंग विल वेगळं. आपण जिवंत आहोत पण बोलू शकत नाही, तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कुठे थांबायचं, हे त्यात असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली त्याला मान्यता दिली. आधी मॅजिस्ट्रेटकडे जावं लागायचं. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. माझं हे अजून व्हायचंय. आळस, दुसरं काही नाही.

फोनचं काम मात्र त्याच रात्री केलं. गूगलमध्ये इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, ॲपलमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट. मी बहिणीचं नाव घातलं.

शेवटी दहाव्या-तेराव्याचं लिहिलं. अस्थी इंद्रायणीत नकोत, नदीचे हाल आपण बघतोच. शेतात खड्डा करून त्यावर आंब्याचं झाड लावा. फोटोला हार चालेल, पण त्या दिवशी हरिपाठ म्हणा.

आईला दाखवायचं सगळ्यात अवघड गेलं. कागद बघून ती उठून आत गेली. तीन दिवस विषय नाही. चौथ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “माझंही लिही. तेराव्याला पंगत नको, तेवढ्या पैशांत दिंडीला रेनकोट द्या. पाटल्या तुझ्या बहिणीला, आणि हे तिच्यासमोर वाचून दाखव, उगाच मागून कुरबुर नको. नळ्या घालून ठेवू नका मला.” मी लिहीत गेलो. तिची यादी माझ्यापेक्षा लांब निघाली. बहुतेक ती खूप दिवस मनात घेऊन बसली होती आणि विचारलं कुणीच नव्हतं.

पोळ्या झाल्यावर हात पुसत तिनं विचारलं, “तुझा कागद कुठे ठेवलायस?”

“ज्ञानेश्वरीत, आठव्या अध्यायात.”

“तिथे कोण बघणार?” ती म्हणाली, आणि दोन्ही कागद घेऊन रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून आली.